पाच एक्के हातात, तरी डाव गेला : मरिनर्सचं रोटेशन ऑक्टोबर पेलतं का?

पागोळी

वर्ल्ड सिरीज जिंकलेल्या डॉजर्सची मिरवणूक निघून गेली, त्यांच्याकडून हरलेले टोरांटोकर रडून मोकळे झाले, आणि मी अजून २० ऑक्टोबर २०२५ च्या रात्रीतून बाहेर आलेली नाही. त्या रात्री टोरांटोने आम्हा सिअ‍ॅटल मरिनर्सवाल्यांना मालिकेच्या सातव्या सामन्यात हरवलं. घरात या विषयाला आता बंदी आहे, म्हणून इथे.

ज्यांना बेसबॉलचा गंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. सामना नऊ इनिंगचा; प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ तीन-तीन आउट होईपर्यंत बॅटिंग करतात, बरोबरी असेल तर इनिंग वाढतात. नियमित मोसमात १६२ सामने, जवळजवळ रोज एक; मग ऑक्टोबरात प्लेऑफ, म्हणजे बाद फेऱ्या, आणि शेवटी वर्ल्ड सिरीज. पिचरचा हात रोज चालत नाही, म्हणून प्रत्येक संघ पाच 'स्टार्टर' बाळगतो. आज पहिला, उद्या दुसरा, पाचही संपले की पुन्हा पहिला. हे रोटेशन. स्टार्टर पाच-सहा इनिंग ओढतो, साधारण नव्वद-शंभर चेंडू. उरलेल्या इनिंग 'बुलपेन'मधले रिलीव्हर वाटून घेतात. यातल्या भरवशाच्या स्टार्टरला 'एस' म्हणतात, म्हणजे पत्त्यांतला एक्काच.

आमच्या सिअ‍ॅटलकडे असे पाच होते. लोगन गिल्बर्ट, जॉर्ज कर्बी, ब्रायन वू, लुईस कास्तियो, ब्राइस मिलर. २०२४ मध्ये अख्ख्या लीगमध्ये आमच्या स्टार्टर्सनी सर्वांत कमी धावा दिल्या. तरी आम्ही एका सामन्याने प्लेऑफच्या बाहेर, कारण फलंदाजी म्हणजे आनंदीआनंद! २०२५ मध्ये उलटं झालं. कॅल रॅलीने ६० होमर (कुंपणापलीकडचे फटके) ठोकले, ९० सामने जिंकले, २००१ नंतर पहिल्यांदा आमच्या गटात, म्हणजे डिव्हिजनमध्ये, पहिले आलो. रोटेशन मात्र वर्षभर दवाखान्याच्या वाऱ्या करत होतं. कर्बीचा खांदा, गिल्बर्टचं आणि मिलरचं कोपर, आणि ऐन सप्टेंबरात वूच्या छातीचा स्नायू. त्या वर्षीचा आमचा सर्वांत चांगला पिचर तोच होता.

नंतर मी वही घेऊन बसले. ऑक्टोबरात आम्ही बारा सामने खेळलो. त्यांत स्टार्टरने सहा इनिंग पूर्ण केल्या, असे सामने किती? दोन. डेट्रॉइटमध्ये गिल्बर्टने एकदा आणि टोरांटोत मिलरने एकदा. बाकी दहा वेळा पाच, चार, तीन, आणि कास्तियोने तर एकदा सव्वादोनच्या आसपास. बाराही मिळून बेरीज साडेबावन्नच्या जरा खाली, म्हणजे सरासरी साडेचारसुद्धा नाही.

तर प्रश्न असा : रोटेशनच्या जिवावर प्लेऑफ जिंकता येतात का, की रोटेशन तुम्हाला फक्त दारापर्यंत सोडतं आणि आत तुमचं तुम्ही बघायचं? माझं मत नंतर सांगते. आधी तुम्ही बोला.

फिलीकर

ताई, जखमेवर मीठच चोळलंत. एक्क्यांचं दुःख आम्हा फिलाडेल्फियावाल्यांना सांगू नका.

२०११. रॉय हॅलडे, क्लिफ ली, कोल हॅमल्स, रॉय ओस्वाल्ट. चार एक्के एका हातात. १०२ सामने जिंकले. मी तेव्हा नवीन नवीन आलो होतो, ऑफिसातल्या एकाने पहिल्यांदा मैदानावर नेलं आणि तिथून वेड लागलं. सेंट लुईस कसंबसं, शेवटच्या दिवशी प्लेऑफमध्ये घुसलेलं. पाच सामन्यांची मालिका २-२ वर आली. पाचवा आमच्या घरी, हॅलडेच्या हातात चेंडू. त्याने आठ इनिंगमध्ये एक धाव दिली. एकच! तीही पहिल्या इनिंगमध्ये, ट्रिपल (बॅटर एका फटक्यात तिसऱ्या बेसवर) आणि त्यावर डबल (दुसऱ्या बेसवर). समोर क्रिस कार्पेंटरने नऊच्या नऊ इनिंग टाकल्या, तीन हिट (बॅटरला बेसवर पोचवणारे फटके) दिले. १-० ने घरी. शेवटच्या चेंडूवर आमचा रायन हॉवर्ड पहिल्या बेसकडे धावताना कोसळला, टाचेमागची शीर फाटली. मैदानात तो पडलेला आणि पाहुणे उड्या मारतायत. ते चित्र अजून डोळ्यांपुढून जात नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. पिचर सामना हरवू शकतो, जिंकून नाही देऊ शकत. धावा काढायला कुणीतरी बॅट फिरवावी लागते. तुमच्या टोरांटोविरुद्धच्या सहाव्या सामन्याचंच बघा. सलग तीन इनिंगमध्ये डबल प्ले, म्हणजे एका फटक्यावर दोघं आउट! त्यात रोटेशनचा काय दोष?

डावखुरा

फिलीकर, त्याच सामन्यात कार्पेंटरही होता ना? तो जिंकून देणारा पिचर नव्हे तर कोण? तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय.

मी सॅन फ्रान्सिस्कोचा, जायंट्सवाला. २०१४ ची वर्ल्ड सिरीज, सातवा सामना, कॅन्सस सिटी. मॅडिसन बमगार्नरने तीनच दिवस आधी नऊ इनिंग टाकल्या होत्या. पाचव्या इनिंगला बुलपेनचं दार उघडलं आणि हा गडी गाईगुरं हाकायला निघाल्यासारखा निवांत चालत आला. पाच इनिंग, ६८ चेंडू, शून्य धावा. ३-२. त्या ऑक्टोबरात त्याने एकट्याने ५२ इनिंगच्या वर टाकल्या. बाकीचं आमचं रोटेशन तेव्हा काही खास नव्हतं बरं का. एक माणूस पुरला.

म्हणून मला वाटतं, प्रश्न थोडा चुकतोय. मोसमाला पाच लागतात, ऑक्टोबरला पाच लागत नाहीत. मध्ये सुट्ट्यांचे दिवस असतात, त्यामुळे चार पुरतात, जोर लावला तर तीनही. २००१ ला अ‍ॅरिझोनाने कर्ट शिलिंग आणि रँडी जॉन्सन या दोघांवर कप नेला, दोघांना मिळून मानकरी ठरवलं. जॉन्सनने सहावा सामना टाकला आणि दुसऱ्या दिवशी सातव्यात पुन्हा येऊन शेवट केला. सिअ‍ॅटलकडे पाच चांगले होते, मान्य. पण 'आज काहीही झालं तरी याला हलवायचं नाही' असा एक तरी होता का?

शिवाजीपार्क

मी तमाम बेसबॉलवाल्यांची आधीच माफी मागतो. अडाण्याचा प्रश्न आहे.

शंभर चेंडू?? आमच्या सिराजने २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात पाचच्या पाच कसोट्या खेळून १८५ च्या वर ओव्हर टाकल्या. वीस ओव्हर म्हणजेच १२० चेंडू झाले, तेही वीस-बावीस पावलं धावत येऊन. आणि हे लोक एका जागी उभं राहून शंभर चेंडूंत दमतात, मग चार दिवस विश्रांती? लाड आहेत नुसते.

डावखुरा

शिवाजीपार्क, माफी कशाला, हा प्रश्न प्रत्येक देशी माणूस पहिल्या दिवशी विचारतो. मीही विचारला होता.

फरक कोपराचा आहे. आपल्याकडे गोलंदाजाला कोपर सरळ ठेवावं लागतं, वेग धावण्यातून, कमरेतून, खांद्यातून येतो, भार सगळ्या अंगावर वाटला जातो. पिचर जवळपास जागेवरून, एका पायावर तोल सांभाळत, कोपर वाकवून चाबकासारखा हात फेकतो. अंतर साडेअठरा मीटरच्या आत, वेग ताशी १५०-१६० किलोमीटर, आणि टप्पा नाही. म्हणजे चेंडूला काय करायचं ते हवेतच, बोटांनी. ते सगळं ओझं कोपराच्या आतल्या बाजूच्या एका बोटभर लिगामेंटवर येतं. ते तुटतं. १९७४ मध्ये फ्रँक जोब नावाच्या डॉक्टरांनी टॉमी जॉनच्या कोपरात दुसरीकडची शीर काढून बसवली, तेव्हापासून त्या ऑपरेशनला त्या पिचरचंच नाव पडलंय. डॉजर्सच्या ओहतानीच्या कोपरावर दोनदा शस्त्रक्रिया झाली आहे.

आणि लाडांचं म्हणाल तर बुमराहलाही त्याच दौऱ्यात पाचांतल्या तीनच कसोट्या खेळवल्या. ज्या दोन आपण जिंकलो त्या दोन्हींत तो नव्हता, हे तुम्हीच मला सांगायला हवं. :)

शिवाजीपार्क

बुमराहचा टोला लागला. गप्प बसतो. (बसणार नाही.)

लिंबूटिंबू

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मधेच एक शंका. स्टार्टर चांगला टाकत असताना त्याला काढतात का? मागे एकदा टीव्हीवर पाहिलं, बिचारा छान टाकत होता, मॅनेजर चालत आला, चेंडू काढून घेतला. पिचरचं तोंड बघवत नव्हतं.

डावखुरा

तू बहुतेक २०२० च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना पाहिलास. टॅम्पाचा ब्लेक स्नेल, समोर डॉजर्स. साडेपाच इनिंगच्या जवळ, दोन हिट, नऊ स्ट्राइकआउट (बॅटर चेंडू न लागताच बाद), १-० पुढे, फक्त ७३ चेंडू. मॅनेजर केव्हिन कॅश आला आणि चेंडू घेऊन गेला. पुढचा बॅटर मूकी बेट्स होता. तो हसला म्हणतात, कारण स्नेलने त्याला त्या रात्री नाचवलं होतं. नव्या पिचरवर बेट्सने लगेच डबल मारला, सामना आणि कप दोन्ही गेलं.

कारण असं देतात, की बॅटर एकाच पिचरला एका सामन्यात तिसऱ्यांदा भेटतो तेव्हा त्याला चेंडू कळायला लागतो. पहिल्यांदा चकतो, दुसऱ्यांदा अंदाज घेतो, तिसऱ्यांदा मारतो. आकडे खरंच तसं सांगतात, पिचरागणिक कमीजास्त. म्हणून हल्ली ऑक्टोबरात अठरा बॅटर झाले की मॅनेजरचा पाय पायरीवर.

आणि गंमत बघ, तोच स्नेल आता डॉजर्सकडे आहे. २०२५ ला मिलवॉकीत पहिल्याच सामन्यात त्याने आठ इनिंग टाकल्या, एक हिट, दहा स्ट्राइकआउट. कुणी हात लावला नाही.

तात्या मिसिसॉगा

रडून मोकळे झालो म्हणे! पागोळीताई, आमचा सातवा सामना अकरा इनिंग चालला. त्या रात्रीपासून अजून नीट झोप नाही. तुम्ही निदान एका होमरवर हरलात, आम्हाला कण्हत कण्हत मारलं. असो.

एक गोष्ट मांडतो. तुम्ही सगळे नावांवर बोलताय. आमच्याकडे ऑक्टोबरात सर्वांत भारी कोण निघालं? ट्रे येसाव्हेज. बावीस वर्षांचा पोरगा. एप्रिलमध्ये अगदी खालच्या पायरीवर, फ्लोरिडात, मोजक्या लोकांसमोर टाकत होता. सप्टेंबरमध्ये वर आला. वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात डॉजर्सचे बारा जण स्ट्राइकआउट केले, एकालाही वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकटचा पहिला बेस) नाही. नवख्याने असं कधीच केलं नव्हतं. आणि दुसरीकडे ४१ वर्षांचा शेर्झर! तुमच्याविरुद्धचा चौथा सामना, तुमच्याच मैदानात. पाचव्या इनिंगला आमचा मॅनेजर श्नायडर त्याला विचारायला आला तर म्हातारा त्याच्यावरच खेकसला. श्नायडर शेपूट घालून परत. पुढे तुमचा अरोझारेना स्ट्राइकआउट.

मुद्दा असा की मार्चमध्ये कागदावर लिहिलेलं रोटेशन ऑक्टोबरात उरत नाही. ज्याचा हात त्या आठवड्यात ताजा, तो एक्का.

पागोळी

तात्या, शेवटचं वाक्य माझ्या तोंडून काढून घेतलंत. तेच म्हणायचं होतं मला. आमचं रोटेशन वाईट नव्हतं, शिळं झालं होतं. कसं ते तारखांवरून सांगते.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. डेट्रॉइटविरुद्ध पाचवा सामना, आमच्या घरी. आम्ही दोघं तिथे होतो. मी, आणि बारा वर्षांचं आमचं कार्टं. (तिकिटाची किंमत इथे सांगत नाही, सासूबाई मायबोलीपासून व्हॉट्सॅपपर्यंत सगळं वाचतात.) समोर तारिक स्कूबल. त्याने सहा इनिंगमध्ये तेरा जणांना बसवलं, त्यात सलग सात. आमच्या शेजारी एक आजोबा कागदावर पेन्सिलीने स्कोअर लिहीत होते, त्यांनी सातव्याला पेन्सिल खाली ठेवली आणि नुसतं बघत बसले. इकडे कर्बीही सुरेख टाकत होता. सहाव्याच्या सुरुवातीला एक डबल लागला आणि आमचा मॅनेजर डॅन विल्सन याने त्याला काढलं. लेफ्टी स्पायरला आणलं, कारण समोर डेट्रॉइटचा बॅटर केरी कार्पेंटर (फिलीकरांचा पिचर नव्हे), जो कर्बीला नेहमी मारतो. कार्पेंटरने स्पायरलाच होमर मारला. २-१. मैदानात असा सन्नाटा, की वर सीगल पक्षी ओरडत होते ते ऐकू आलं.

मग आम्ही बरोबरी केली आणि सामना चालूच राहिला. दहा, अकरा, बारा. बुलपेन संपत आलं तेव्हा विल्सनने गिल्बर्टला बोलावलं. गिल्बर्ट, स्टार्टर! त्याने दोन इनिंग टाकल्या. मग कास्तियो आला, तोही स्टार्टर, त्याने कारकिर्दीत असं फारसं कधी केलेलं नाही. पंधराव्याला पोलांकोने हिट मारला आणि जवळपास पाच तासांनी सुटलो. (अवांतर : त्या रात्री माशांच्या शर्यतीत हम्पीसुद्धा जिंकला. आमच्या मैदानात दर सामन्याला चार साल्मन माशांचे पोशाख घालून माणसं पळतात, आणि हम्पी आजवर एकदाही जिंकला नव्हता. लोक त्यालाच जास्त ओरडले.)

घरी येताना ट्रेनमध्ये सगळे अनोळखी लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. माझ्या डोक्यात मात्र एकच, परवा टोरांटोत कोण टाकणार? कर्बी, गिल्बर्ट, कास्तियो तिघेही एका रात्रीत वापरून झाले. वू जखमी. उरला मिलर, त्याने ८ तारखेला टाकलेलं. तीन दिवसांच्या विश्रांतीवर तो १२ ला उभा राहिला. पहिल्याच चेंडूवर स्प्रिंगरचा होमर. मी टीव्ही बंद करायला उठले होते. पण त्यानंतर त्या पोराने सहा इनिंग एकही धाव दिली नाही. मोसमभर ज्याची धुलाई झाली, तो! मला वाटतं त्या वर्षीचं आमचं सर्वांत मोठं पिचिंग तेच.

पण ती उसनवारी होती. गिल्बर्टला १३ ला तीन इनिंगच झेपल्या, बॅटिंगने वाचवलं. १५ ला कर्बीला आठ धावा पडल्या. १६ ला कास्तियो तिसऱ्या इनिंगलाच बाहेर. मिरजेला माझी आजी म्हणायची, दळण चार दिवसांचं आणि पाहुणे आठ दिवसांचे. तसं झालं.

जर्सीकर

यँकीवाला. आमच्याबद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगतो.

सगळे रोटेशन रोटेशन करताय, मग २०२४ चं काय? डॉजर्सकडे तेव्हा धड तीन स्टार्टर होते : यामामोटो, फ्लॅहर्टी, ब्यूलर. बाकी सगळे जायबंदी. सॅन डिएगोविरुद्ध चौथा सामना, हरले तर घरी, आणि स्टार्टरच नाही. आठ जणांनी मिळून एक-एक, दोन-दोन इनिंग टाकल्या, ८-० ने जिंकले. पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये आम्हाला पाच सामन्यांत गुंडाळलं. शेवटची इनिंग टाकायला स्टार्टर ब्यूलर आला, एका दिवसाच्या विश्रांतीवर. आमच्या पाचव्या इनिंगचा विषय कृपया काढू नये.

म्हणजे रोटेशन नसलं तरी चालतं. खोल बुलपेन आणि डोकं असलेला मॅनेजर हवा.

डावखुरा

आणि पुढच्याच वर्षी त्याच डॉजर्सनी बरोबर उलटं करून दाखवलं. २०२५ मध्ये त्यांचं बुलपेन गळकं होतं, म्हणून स्टार्टरवरच सगळं टाकलं. मिलवॉकीने मोसमात सर्वांत जास्त, ९७ सामने जिंकले होते. त्यांच्याविरुद्ध चार सामने : स्नेल ८ इनिंग, यामामोटो ९, ग्लॅसनाउ पावणेसहाच्या आसपास, ओहतानी ६. चौघांनी मिळून दिलेल्या धावा दोन! ओहतानीने त्याच सामन्यात वर तीन होमर मारले, ते वेगळंच.

पागोळीताईंच्या वहीतली बेरीज बारा सामन्यांत बावन्न इनिंग. यांची चारच सामन्यांत साडेअठ्ठावीस. फरक इथे दिसतो.

आणि तात्यांची माफी मागून सांगतो, यामामोटो. वर्ल्ड सिरीजचा दुसरा सामना पूर्ण नऊ. सहावा सामना सहा इनिंग, ९६ चेंडू. दुसऱ्याच दिवशी सातव्यात पुन्हा, पावणेतीन इनिंगच्या आसपास, ३४ चेंडू. तीन सामने त्याच्या नावावर. त्या सातव्यात डॉजर्सनी कुणाकुणाला आणलं बघा : सुरुवात ओहतानी, मग व्रॉब्लेस्की, ग्लॅसनाउ, शीहान, स्नेल, यामामोटो. म्हणजे रोटेशनच बुलपेन झालं.

तात्या मिसिसॉगा

माफी नामंजूर.

फिलीकर

डावखुरा, मग याचा अर्थ हाच ना, की पैसा हवा? यामामोटोला बारा वर्षांचा करार देऊन आणलंय, ३२५ मिलियन डॉलर. सिअ‍ॅटलचे पाच एक्के बहुतेक घरचे, स्वतः वाढवलेले. एकटा कास्तियो सिनसिनाटीकडून आणलेला.

पागोळी

फिलीकर, पैशाचं खरं आहे, पण त्याने माझं दुखणं कमी होत नाही. कारण आम्ही पैशाने नाही, सातव्या इनिंगला हरलो. आणि तिथे रोटेशन कमी पडलं नाही, असं माझं मत आहे. ज्यांना सातवा सामना आठवतोय त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.

कर्बीने चार इनिंग, एक धाव. पाचव्याला वू आला, नुकताच बरा झालेला, स्टार्टर. पाचवी, सहावी साफ. आम्ही ३-१ पुढे. नऊ आउट राहिले होते. पंचेचाळीसहून जास्त वर्षं जुना हा संघ वर्ल्ड सिरीजमध्ये कधी गेलेला नाही, सगळ्या लीगमध्ये असा एकटा आमचाच. सातव्याला वूने बार्गरला वॉक दिला. मग एक हिट. मग त्यांनी बंट करून, म्हणजे चेंडूला हलकेच बॅट लावून, दोघांना पुढे सरकवलं. एक आउट, दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर माणसं, समोर स्प्रिंगर. विल्सन बाहेर आला.

आमच्या घरी एक क्लिकर आहे. पोराच्या लिटल लीगमध्ये मी पिच, म्हणजे पिचरने टाकलेले चेंडू, मोजते, त्यासाठीचा. अंगठ्याने दाबायचा, आकडा पुढे जातो. त्या रात्री कार्टं तो घेऊन टीव्हीसमोर बसलं होतं, प्रत्येक पिचरला शून्यापासून. वू गेला, त्याने चाक फिरवून शून्य केलं. मी ओरडत होते, मुन्योझ आण, मुन्योझ आण! तो आमचा क्लोजर, सगळ्यांत भारी रिलीव्हर, नवव्या इनिंगसाठी राखून ठेवलेला. आला बझार्दो. वाईट नाही हो तो, वर्षभर राबलाय. क्लिक, बॉल. क्लिक.

स्प्रिंगरने डावीकडे भिरकावला. ४-३.

तो क्लिकर टीव्हीखालच्या खणात पडून होता, '२' दाखवत. कुणी हात लावला नाही.

लिंबूटिंबू

ताई, शब्द नाहीत. पण मग वूला राहू द्यायला हवं होतं का?

पागोळी

नाही. वू थकला होता, दिसत होतं. दुखापतीतून आल्यावर तीन दिवसांपूर्वीच दोन इनिंग टाकलेल्या. चूक काढण्यात नव्हती, कुणाला आणलं त्यात होती. नवव्या इनिंगसाठी जपून ठेवलेला माणूस नववी इनिंग आलीच नाही तर काय कामाचा? सोनं कपाटात आणि मुलगी लंकेची पार्वती.

शिवाजीपार्क

हे मात्र क्रिकेटवाल्याला पटलं. बुमराहची ओव्हर शेवटासाठी राखायची आणि एकोणिसाव्यालाच सामना संपायचा. सेम.

डावखुरा

पागोळीताई, मुन्योझचं मान्य. पण एक तुम्ही टाळताय. तुमचे पाचही स्टार्टर उजवे. पाचच्या पाच! टोरांटोसारखा संघ, जो चेंडू मिस करत नाही, नुसता बॅटला लावत राहतो, त्याला सात सामने स्टार्टरकडून सगळा उजवाच मारा दिला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांची नजर बसणारच. एखादा डावरा मध्ये आला असता तर लय मोडली असती. (माझ्या आयडीचा आणि या मताचा काही संबंध नाही.)

तात्या मिसिसॉगा

यात तथ्य आहे. सिअ‍ॅटलला गेल्यावर आमची पोरं दोन सामन्यांत २१ धावा करून आली. तुमचं ते मैदान म्हणे पिचरांचं माहेर, समुद्राच्या थंड हवेत चेंडू उडत नाही. आमचा उडाला.

पागोळी

तात्या, जखमेवर मेपल सिरप ओतू नका.

डावखुरा, खरं आहे, याचा मी विचार केला नव्हता. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, तिसऱ्या क्रमांकावर केड अँडरसन घेतलाय, लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा, डावरा. पण येसाव्हेजसारखं एका वर्षात वर येणं रोज होत नाही. तोवर आहे या पाचांवरच.

तर माझं मत, जे नंतर सांगते म्हणाले होते. हे रोटेशन ऑक्टोबर पेलतं, पण हात ताजे असतील तर. म्हणजे सप्टेंबरमध्ये दोन आठवडे आधी जागा पक्की करा, मोसमात सहावा माणूस ठेवून प्रत्येकाला अधूनमधून एक दिवस जास्त द्या, आणि अव्वल मानांकन मिळवून पहिली फेरी लवकर संपवा. पंधरा इनिंगचे सामने फार रोमांचक असतात, बिल पुढच्या आठवड्यात येतं.

जर्सीकर

सहावा माणूस द्यायचा म्हणजे पाच एक्क्यांच्या प्रत्येकी चार-पाच स्टार्ट कमी. त्या चार-पाच सामन्यांत हरलात तर ऑक्टोबरच येणार नाही. २०२४ ला एकाच सामन्याने हुकलात, विसरलात?

पागोळी

नाही विसरले. :( याला माझ्याकडे उत्तर नाही.

लिंबूटिंबू

क्लिकर अजून खणातच आहे?

पागोळी

नाही, त्याच शनिवारी काढावा लागला. पोराचा फॉल बॉलचा शेवटचा सामना. पाऊस भुरभुरत होता, आमच्याकडे असतोच. लिटल लीगमध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ पिच, आणि ६६ व्या पिचला गेलात की चार दिवस हात बंद. कोचने आधीच सांगून ठेवलेलं, ६५ च्या आत काढायचं. चौथ्या इनिंगला दोन आउट, ६१ झाले, आम्ही एकने पुढे. कार्टं माउंडवरून माझ्याकडे बघून मान हलवतंय, मराठीतून, म्हणजे कोचला कळू नये म्हणून, "आई, पन्नास सांग! पन्नास!"

मी कोचला क्लिकर दाखवला. त्यांनी याला काढलं. जो आला त्याने तिघांना वॉक दिला, मग एक हिट, दोन धावा. हरलो.

गाडीत वीस मिनिटं कुणी बोललं नाही. पुलावर आल्यावर मागच्या सीटवरून आवाज आला, "तू डॅन विल्सन आहेस."